आईच्या आधारवरचं ‘बाई’ काढायला तीन चकरा: नाव-जन्मतारीख दुरुस्तीचा आणि तिथल्या कागदपत्रांच्या नियमांचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, आणि ते कशाचे ते आधी सांगते. आधारमध्ये नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करायची जी सेवा आहे, म्हणजे केंद्रावरचं काम आणि त्यामागचे पुराव्यांचे नियम असं दोन्ही मिळून, त्याचा हा रिव्ह्यू आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मी आईला घेऊन तीनदा गेले, एकदा घराजवळच्या छोट्या केंद्रावर आणि दोनदा अपॉइंटमेंट घेऊन मोठ्या केंद्रावर. लांब लिहिणार आहे, कारण जे मला शेवटी शेवटी कळलं ते पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर गुडघे दुखणाऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला इतक्या वेळा रिक्षात बसवून न्यावं लागलं नसतं.

तर झालं असं. गेल्या वर्षी वडील गेले, त्यांच्या खात्याचं आणि एफडीचं काम आईच्या नावावर करायचं होतं, आणि बँकेत काउंटरवरच्या मॅडमनी आईचं आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की बघा, ही नावं एक नाहीयेत. पॅनवर कमल वसंत आणि पुढे आडनाव. आधारवर कमलबाई वसंतराव आणि पुढे आडनाव. इतकी वर्षं आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण घरात दारात सगळे तिला कमलबाईच म्हणतात आणि वडिलांना वसंतराव. २०१२ ला गावात झेडपीच्या शाळेत आधारचा कॅम्प लागला होता, लाइन मोठी, ऑपरेटरने नाव विचारलं, आईच्या आधी शेजारच्या काकूच बोलल्या की कमलबाई, आणि त्याने ऐकलं तसं टाइप केलं. माणसाने मानाने लावलेलं बाई आणि राव हे त्या दिवसापासून कायमचं नाव होऊन बसलं. आपल्याकडे हा प्रकार किती घरांत असेल बघा, तुमच्या आजीचं, मावशीचं आधार काढून आजच बघा, मी सांगतेय म्हणून नाही पण गरज पडेल त्या दिवशी घाई होते म्हणून.

जन्मतारखेचं तर वेगळंच. आधारवर ०१/०१/१९५५. कॅम्पमध्ये वय विचारलं, आई म्हणाली असेल सत्तावन्न, त्यावरून साल काढलं आणि एक जानेवारी लावली. तेव्हा कागद नसेल तर तोंडी सांगितलेली तारीख चालायची, आधारच्या भाषेत तिला डिक्लेअर्ड म्हणतात, आणि कागद दाखवून नोंदवलेली असेल तर व्हेरिफाइड. आईच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५०. ही एक जूनची भानगड महाराष्ट्रात सगळ्यांना माहितीये, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजी पोराला सहा पूर्ण करून टाकायचे आणि एक जून लिहायचे. आईला मोठ्या मामाबरोबर शाळेत नेऊन बसवली होती, तर ती चारची असताना सहाची झाली. आणि आजी शेवटपर्यंत सांगायची की पहिलं मतदान झालं त्याच साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कमळ झाली. पहिलं मतदान म्हणजे १९५२. म्हणजे एका बाईच्या तीन तारखा, आणि कागदावर तिचं वय पाच वर्षं इकडे की तिकडे हे कोण लिहीत होतं त्यावर ठरलेलं.

हे वय नुसतं कागदापुरतं नाहीये बरं का. एसटीत ७५ पूर्ण झाले की अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत फुकट प्रवास आहे, २६ ऑगस्ट २०२२ पासून, आणि कंडक्टर बहुतेक वेळा आधारच बघतो. शाळेच्या हिशोबाने आई गेल्या जूनपासून फुकट जायला हवी, आधारच्या हिशोबाने अजून चार वर्षं नाही. महिलांना अर्धं तिकीट आहेच म्हणून तेवढं काही अडत नाही, पण मला हे लक्षात आलं आणि डोक्यात बसलं.

पहिली चकर. घराजवळचं केंद्र, टेबल एक, माणूस एक, बाहेर उन्हात लाइन. मी नाव आणि जन्मतारीख दोन्ही एकदम करून टाकू म्हणलं. पॅन दिलं, शाळा सोडल्याचा दाखला दिला. त्याने दाखल्यावरचं नाव वाचलं सुद्धा नाही, स्कॅन केलं आणि म्हणाला दोनशे द्या. पावती आली ७५ ची. डेमोग्राफिक म्हणजे नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल यातलं काहीही बदलायला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहेत, त्याआधी ५० होते, आणि एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तरी तेवढेच. बोटांचे ठसे, डोळे, फोटो बदलायचा असेल तर १२५. पहिल्यांदा आधार काढणं पूर्ण फुकट. हे आकडे पाठ करून जा. मी पावती दाखवून विचारलं तेव्हा त्याने पैसे परत दिले, पण माझ्या मागे जे आजोबा होते त्यांनी दोनशे देऊन टाकले आणि मी तेव्हा काही बोलले नाही, ते मला अजून लागतंय. असं कोणी मागितलं तर १९४७ या आधारच्या हेल्पलाइन नंबरला फोन करून तक्रार करता येते.

बारा दिवसांनी मेसेज, रिक्वेस्ट रिजेक्ट. कारण दाखल्यावर नाव माहेरचं! कमळ, पुढे आजोबांचं नाव, पुढे माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं. दोन्ही एकाच बाईचे आहेत हे मशीनला कसं कळणार, आणि खरं तर माणसालाही कसं कळणार. नियम सरळ आहे की जो कागद द्याल त्यावर नाव तुमचंच, आधारमध्ये आहे किंवा व्हायला हवंय तसंच पाहिजे. तो नियम मला पटतो. पटत नाही ते हे की स्कॅन करणाऱ्याने दोन सेकंद कागद वाचला असता तर ती रिक्वेस्ट गेलीच नसती, आणि जन्मतारखेबरोबर नावाची दुरुस्ती पण बुडली, आणि रिजेक्ट झालं की फी परत मिळत नाही.

आता ते नियम सांगते, कारण वेबसाइटवर यादी आहे पण ती वाचून डोकं फिरतं. मला मोठ्या केंद्रावरच्या ताईंनी जसं सांगितलं तसं सांगते. प्रत्येक कागद एक किंवा दोन गोष्टी सिद्ध करतो, सगळ्या नाही. एक म्हणजे ओळख, तुम्ही ते तुम्हीच, त्याला नाव आणि फोटो असलेला कागद लागतो, पॅन, मतदान कार्ड, लायसन्स, पासपोर्ट असं. दुसरा पत्ता. पॅन ओळखीला चालतं पण त्यावर पत्ताच नाही म्हणून पत्त्याला शून्य, आणि लाइट बिल पत्त्याला चालतं पण त्यावर फोटो नाही म्हणून ओळखीला शून्य, आणि बिल तीन महिन्यांच्या आतलं लागतं. भाड्याच्या घरात असाल तर करारनामा रजिस्टर केलेलाच घेऊन जा. तिसरा जन्मतारखेचा, आणि चौथा नात्याचा, म्हणजे घरातल्या एकाच्या आधारवर दुसऱ्याचं काम करायचं असेल तर त्या दोघांचं नातं कुठल्या कागदावर दिसतं तो. एवढे चार कप्पे डोक्यात पक्के केले की पिशवीत काय भरायचं ते आपोआप कळतं. माझी चूक ही होती की मी शाळेच्या दाखल्याला ‘सरकारी कागद’ समजून नेलं. सरकारी असण्याचा प्रश्नच नसतो, तो कागद कुठली गोष्ट कुणाच्या नावाने सिद्ध करतो हा प्रश्न असतो.

सुरुवातीच्या काळात ओळखीला १८ आणि पत्त्याला ३३ कागद चालायचे आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला इंट्रोड्यूसर असायचा, म्हणजे नेमलेला माणूस जो सांगेल की हो, मी यांना ओळखतो. तेव्हा ते बरोबरच होतं. पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला, तिथल्या आदिवासी बायांकडून दहा प्रकारचे कागद मागितले असते तर निम्म्या गावाला नंबर मिळालाच नसता. उद्देश हाच होता ना की ज्याला कागद नाही त्यालाही सरकारी नंबर मिळावा. मग हळूहळू सगळी कामं त्या नंबराला जोडली गेली आणि नियम कडक होत गेले, तेही समजू शकते. पण २०१० ते १४ मध्ये ज्यांची माहिती तोंडी विचारून भरली, त्यांच्याकडून आज ती सुधारायला मात्र कडक कागद मागतात, आणि या खड्ड्यात सगळ्यात जास्त कोण पडतं तर म्हातारी माणसं, त्यातही बायका.

यावर मी बराच विचार केला. आधारमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा बोटं, दोन्ही डोळे आणि फोटो घेऊन मशीन आधी दिलेल्या सगळ्यांशी ताडून बघते की हा माणूस आधी आलेला नाही ना, आणि मग बारा आकडी नंबर देते, जो पूर्ण रँडम असतो, त्यात ना राज्य ना वय ना जात. हे काम मशीन चोख करते, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण त्या बोटांना नाव कुठलं आणि तारीख कुठली चिकटवायची हे मशीनला माहीत नसतं, ते कागदावरून येतं. म्हणजे बोटं खरी, नंबर खरा, आणि नाव-तारीख त्या दिवशी टेबलावर जो कागद होता किंवा जी काकू बोलली तिच्यावर. म्हणूनच आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि जन्मतारखेचाही नाही हे तर आधार देणाऱ्या प्राधिकरणाने स्वतः सांगितलंय, जानेवारी २०२४ ला पीएफवाल्यांनीही जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं, आणि ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने एका अपघात भरपाईच्या केसमध्ये वय धरताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला वर ठेवला. हे वाचून मला जरा गंमत नाही, वाईटच वाटलं, कारण कोर्टात जो दाखला आधारच्या वर आहे तोच दाखला घेऊन आधार दुरुस्त करायला गेलं तर आडनावापायी परत येतो, आणि बसमध्ये, बँकेत, योजनेच्या फॉर्मवर मात्र वय आधारवरचंच धरतात.

दुसरी चकर मोठ्या केंद्रावर. ऑनलाइन अपॉइंटमेंट, टोकन, बसायला खुर्च्या, पाण्याची सोय, व्हीलचेअर दारातच. आईला पुढे घेतलं. टोकनच्या आधी एक काउंटर असतो तिथे कागद तपासतात, आणि मी म्हणेन या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. तिथल्या ताईंनी पैसे घेण्याआधीच थांबवलं. म्हणाल्या, मावशी, नाव आज होईल पण पॅनची ही झेरॉक्स आहे, ओरिजिनल कुठंय? ओरिजिनल घरी! ते लोक झेरॉक्स ठेवूनच घेत नाहीत, मूळ कागद समोर स्कॅन करतात आणि तिथेच परत देतात, आणि मी मात्र सवयीने दोन दोन झेरॉक्स काढून, सही करून नेलेल्या. मग जन्मतारखेचं विचारलं, तर त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, लिंग एकदाच, पत्ता कितीही वेळा. त्या म्हणाल्या, ती एक संधी अशीतशी वापरू नका, पक्का कागद असेल तरच या, कारण नंतर परत चुकलं तर १९४७ ला कळवून मुंबईच्या विभागीय कार्यालयाकडून खास परवानगी घेत बसावं लागेल.

मी विचारलं की माहेरची कमळ आणि सासरची कमल एकच आहे असं प्रतिज्ञापत्र केलं तर? नाही चालणार म्हणाल्या, लग्नानंतरच्या नावाला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं. आता आईचं लग्न १९७१ चं, अंगणात मांडव घालून, नोंदणी कोण करत होतं तेव्हा. महाराष्ट्राचा आत्ताचा विवाह नोंदणीचा कायदाच १९९८ चा आहे. आणि नोंदणी आज करावी तर वडील नाहीत. बाहेर एक एजंट सांगत होता की राजपत्रात नाव छापून आणा, सगळं होतं. राजपत्र लागतं ते नाव मुळातून बदलायचं असेल तर, आणि तेव्हाही जुन्या नावाचा एक ओळखीचा कागद सोबत लागतो. ‘बाई’ काढायला राजपत्र नको, पॅन पुरेसं आहे हे ताईंनी स्पष्ट सांगितलं. त्या एजंटाच्या नादी किती लोक लागत असतील.

मग मी जन्मतारखेच्या मागे लागले. हे आता सेवेच्या रिव्ह्यूच्या थोडं बाहेर जातंय पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या काळी गावात जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल ठेवायचा, गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि ती बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. कुणबी नोंदी शोधायला लोकांनी गेली दोन-तीन वर्षं हीच बुकं चाळलीयेत, त्यामुळे तिथल्या भाऊंना गाव सांगितलं की गठ्ठा कुठला ते माहीत होतं. आधी मी जुनं पंचांग बघून घेतलं, १९५२ चा पोळा २० ऑगस्टला. अर्ज केला, दोन आठवड्यांनी गठ्ठा काढला, पिवळी पानं, आधीच्या वर्षांची मोडीत आणि हे साल देवनागरीत, आणि मिळालं! २१ ऑगस्ट १९५२, बापाचं नाव आजोबांचं, गाव, जात, आणि अपत्याच्या रकान्यात फक्त ‘मुलगी’. नाव नाही. तेव्हा जन्मल्या जन्मल्या नोंद व्हायची आणि बारसं नंतर, म्हणून बहुतेक नोंदी अशाच आहेत, नुसतं मुलगा किंवा मुलगी. आजी बोलली ते शब्दशः खरं निघालं, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं त्या रेकॉर्ड रूममध्ये.

पण पुरावा म्हणून बघा काय झालं. खरी तारीख ज्या कागदावर आहे त्यावर नाव नाही. नाव ज्या कागदावर आहे त्यावरची तारीख खरी नाही, आणि तेही नाव माहेरचं. आणि आजचं नाव ज्या कागदावर आहे त्यावरची तारीख कोणाचीच नाही, अंदाजाने टाकलेली. नियम असा कागद मागतो ज्यावर आजचं नाव आणि जन्मतारीख एकत्र आहे, आणि माझ्या आईच्या पिढीतल्या बाईच्या आयुष्यात तो कागद कधी तयारच झाला नाही, कारण जन्मली तेव्हा नाव नव्हतं, शाळेत गेली तेव्हा तारीख खोटी लागली, लग्न झालं तेव्हा नाव बदललं. मॅट्रिकला बसली असती तर बोर्डाचं सर्टिफिकेट असतं, नोकरी केली असती तर पेन्शनची ऑर्डर असती, परदेशी गेली असती तर पासपोर्ट. यादीतले जन्मतारखेचे बहुतेक कागद हे शिकलेल्या, नोकरी केलेल्या माणसाचे आहेत. घर आणि शेत बघणाऱ्या बाईचा त्यात एकही नाही.

आणि यावर मार्ग नाहीये असंही नाही. १८ वर्षांवरच्या माणसाला आज पहिल्यांदा आधार काढायचं असेल तर त्याचा अर्ज राज्य सरकारकडे पडताळणीला जातो, तिथले अधिकारी बघतात आणि मगच नंबर निघतो. तिसऱ्या चकरेत माझ्या शेजारी एक काका होते, आयुष्यभर ऊसतोडीला फिरले, आधार काढलंच नाही, त्यांची अशीच पडताळणी चालू होती, वेळ लागतोय, सहा महिनेही लागू शकतात म्हणे, पण कोणीतरी माणूस चौकशी करतोय. तशीच चौकशी साठीच्या पुढच्या लोकांच्या जन्मतारखेसाठी का होऊ नये? तलाठी गावात आहे, कोतवाल बुक तहसीलमध्ये आहे, शाळेचं जनरल रजिस्टर शाळेत आहे, मामा अजून जिवंत आहे आणि पोळ्याचं त्यालाही आठवतंय. चार अर्धे पुरावे एकत्र ठेवून माणसाने बघितलं तर पूर्ण पुरावा होतो, एकेक स्कॅन करून बघितलं तर चारही रिजेक्ट. नियमांचे स्टार मी याचसाठी कापलेत.

तिसरी चकर जानेवारीत, फक्त नावासाठी, ओरिजिनल पॅन घेऊन. पंचवीस मिनिटांत काम झालं. इथे एक गोष्ट नक्की करा. ऑपरेटर इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी स्पेलिंग सॉफ्टवेअर स्वतः बनवतं, आणि इंग्रजीत एल एकच, तर ळ चा ल होतो, ण चा न, ट चा त. काळे यांचं काले, टिळक यांचं तिलक होतं ते यामुळे. तुमच्याकडे तोंड केलेली एक स्क्रीन असते, तिच्यावर मराठी ओळ एकेक अक्षर वाचा आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगा, ते बदलून देतात, नंतर सांगितलं तर परत ७५ आणि परत चकर. आईने चष्मा लावला आणि म्हणाली, बाळा, ते कमळ कर, मी कमळ आहे. पॅनवर इंग्रजीत केएएमएएल आहे, ते दोन्हीला चालतं, त्यामुळे ऑपरेटर मुलाने हसून ळ टाकला. पावतीवरही तेच वाचून घ्या, एनरोलमेंट नंबर आणि तारीख-वेळ त्याच्यावर असते, ती पावती जपून ठेवा. दहाव्या दिवशी मेसेज आला की झालं.

बाकी थोडं पटकन. माझ्या भाचीचं, म्हणजे बहिणीच्या मुलीचं बाल आधार त्याच केंद्रावर काढलं. पाच वर्षांखाली बोटं-डोळे घेत नाहीत, नुसता फोटो आणि आई किंवा वडिलांचं आधार. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा जन्म दाखलाच, दुसरं काही नाही. नाव ठरलं की लगेच दाखल्यावर चढवून घ्या आणि आई-वडिलांची नावं त्यांच्या आधारवर जशी आहेत अगदी तशीच दाखल्यावर लिहून घ्या, हॉस्पिटलचा फॉर्म भरतानाच, नाहीतर पुढे नात्याच्या पुराव्यात अडकता. पाच आणि पंधरा वर्षांना बोटं-डोळे अपडेट करायला लागतात, पाच ते सात आणि पंधरा ते सतरामध्ये ते फुकट आहे.

कोणाकडे काहीच कागद नसेल तर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र असतं, फोटो लावून राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, खासदार, नगरसेवक यांच्या सही-शिक्क्याचं, आणि ते तीन महिनेच चालतं, त्यामुळे अपॉइंटमेंट आधी घ्या आणि सही नंतर. नमुना वेबसाइटवरचाच छापा, स्वतः टाइप केलेला नको. आणि घरातल्या एकाचा पत्ता बरोबर असेल तर बाकीच्यांचा त्याच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो, कुटुंबप्रमुख म्हणून, त्याला मेसेज येतो आणि तीस दिवसांत त्याने हो म्हणायचं. माझ्या भावाचं असंच घरबसल्या झालं.

स्टारचा हिशोब विचाराल तर मोठ्या केंद्राला पूर्ण पाच, कागद आधी तपासणाऱ्या त्या काउंटरला तर सहा असते तर सहा. घराजवळच्या केंद्राला एक, तोही नाइलाजाने. नियमांना तीन, स्पष्ट आहेत आणि फसवाफसवी थांबवायला लागतातच, पण जुन्या पिढीसाठी त्यात दार ठेवलेलं नाही. याची सरासरी पडते तीनच, अर्धा जास्त दिलाय तो त्या ताईंनी आईला मावशी म्हणून शेजारी बसवून समजावलं त्याचा.

बँकेचं काम परवा झालं. जन्मतारीख आम्ही तशीच ठेवलीये, १९५५ ची. शाळेच्या दाखल्यासाठी कुठून तरी नावं जुळवून आणता आली असती आणि एसटी फुकट झाली असती, पण आई म्हणाली ती तारीख माझी नाहीच, एकच संधी आहे तर खऱ्या तारखेला वापरू. कोतवाल बुकाची नक्कल मी फाइलला लावून ठेवलीये. उशिराच्या जन्म नोंदणीचा अर्ज करायचा विचार आहे, तो आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जातो. नाव नसलेल्या नोंदीवरून कोणी जन्म दाखला मिळवला असेल तर सोबत कुठले कागद जोडले, माहेर-सासरचं नाव कशाने जुळवलं आणि किती दिवस लागले ते खाली लिहा, आईच्या वाढदिवसाआधी, म्हणजे पोळ्याच्या आत अर्ज टाकायचाय.